ओरत्तनाडूचा पंतोजी: सरफोजीराजांच्या एका पत्राचं रसग्रहण

विद्यापीठांच्या वार्तापत्रात ‘सन्मान आणि नेमणुका’ असं एक पान हमखास असतं. अमुक प्राध्यापकांची तमुक समितीवर निवड, कुणाला फेलोशिप, कुणी विभागप्रमुख, कुणी अधिष्ठाता. नाव, पद, संस्था, खाली अभिनंदन. ही पानं खोटी नसतात, पण वाचनीयही नसतात. ज्याचं नाव छापून आलं तो आणि ज्याचं यायचं राहिलं तो, एवढे दोघेच ती नीट वाचतात. तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडूला २०१२ पासून तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं एक महाविद्यालय आहे. तेव्हा अशा नेमणुका त्या गावातही होत असणार आणि त्यांची पानंही निघत असणार. मला बोलायचं आहे ते त्याच गावाशी नातं सांगणाऱ्या एका जुन्या कागदाबद्दल. त्यातही शिक्षकांच्या नेमणुका आहेत. नाव मात्र एकाचंही नाही. आणि तरी शिक्षकाच्या नेमणुकीविषयी इतका जिवंत मजकूर मी फार थोडा वाचला आहे.

कागद म्हणजे एक पत्र. तारीख २८ जानेवारी १८०१. लिहिणारे तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे. ज्याला लिहिलं तो बेंजामिन टॉरिन, ईस्ट इंडिया कंपनीचा तंजावरचा रेसिडेंट. आज हे पत्र आपल्यासमोर येतं ते इंग्रजी रूपात. विल्यम हिकी नावाच्या गृहस्थाने तंजावरच्या मराठी राज्यावर १८७०च्या दशकात पुस्तक लिहिलं, त्यात ते छापलेलं आहे. विषय आहे छत्रं, म्हणजे रामेश्वराच्या वाटेवर भोसले घराण्याने बांधलेली अन्नछत्रं आणि धर्मशाळा.

पत्राची गोडी कळायला ते कोणत्या घडीला लिहिलं गेलं हे ठाऊक हवं. सरफोजींचा जन्म १७७७चा. जून १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुरते सोळा महिने झाले नाहीत तोच, ऑक्टोबर १७९९च्या तहाने, राज्य कंपनीच्या हवाली झालं. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर. वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. म्हणजे पत्र लिहिणारा माणूस तेवीस वर्षांचा आहे, राजा म्हणवतो आहे, आणि ज्या जमिनींच्या उत्पन्नावर पूर्वजांची छत्रं चालतात त्या जमिनी आता दुसऱ्याच्या दप्तरात गेल्या आहेत. त्याला मागायचं आहे. कंपनीने छत्रांना हात लावू नये, त्यांचा कारभार आपल्याकडे राहू द्यावा, एवढंच. पण मागणं हा राजाचा सराव नसतो. तेव्हा हे मागणं करायचं कसं, हा या पत्राचा खरा पेच आहे आणि सरफोजींनी तो ज्या रीतीने सोडवला आहे ती पाहण्यासारखी आहे.

त्यांनी मागितलंच नाही. निदान बराच वेळ नाही. त्यांनी वर्णन केलं.

छत्रात काय चालतं ते राजा सांगू लागतो. सुरुवात स्वयंपाकघरापासून. येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला, ब्राह्मणापासून ते ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं जातं त्याच्यापर्यंत, भात वाढला जातो. मग यात्रेकरूंची यादी येते: जोगी, जंगम, अतीत, बैरागी. भाषांतर करणाऱ्याने ही नावं तशीच ठेवून दिली आहेत, आणि इंग्रजी वाक्यात ती अंगात बंडी घालून साहेबाच्या दिवाणखान्यात बसल्यासारखी दिसतात. ज्यांना शिजवलेलं चालत नाही त्यांना कोरडा शिधा मिळतो, मसाल्यासकट. हे वाढप मध्यरात्रीपर्यंत चालतं. मध्यरात्री घंटा वाजवतात आणि पुकारा करतात की ज्यांचं जेवण व्हायचं राहिलं असेल त्यांनी यावं, त्यांच्यापुरता भात तयार आहे.

ही घंटा पत्रातली मोठी जागा आहे. कुठल्याही दानपत्रात ‘सर्वांना अन्न मिळते’ असं लिहिलेलं सापडेल. ते वाक्य फुकट असतं. मध्यरात्री घंटा वाजते असं लिहिणारा माणूस मात्र साक्षीला तपशील उभा करतो. घंटा आहे तर ती वाजवणारा नोकर आहे, पुकारा करणारा आहे, त्या वेळेला चूल विझू न देणारा आचारी आहे, आणि उशिरा पोचलेला, अंधारात चाचपडणारा एक वाटसरू आहे. रेसिडेंटला हे सगळं एका घंटेत ऐकू यावं अशी लेखकाची खटपट आहे. आकडे दिले असते तर ते तपासले गेले असते. घंटा कोण तपासणार?

अन्नाची सोय वाचकाच्या मनात अशी पक्की झाली, की मग पत्र नेमणुकांकडे वळतं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक छत्रात चारही वेदांचे अध्यापक नेमलेले असतात, एक शाळामास्तर असतो, आणि वैद्य असतात: रोग, सूज आणि सर्पादिकांचं विष उतरवण्यात तरबेज. पदांची ही यादी कारकुनी आहे असं प्रथमदर्शनी वाटेल. पण जरा थांबून पाहा. वैद्यांच्या कामाचे जे तीन तुकडे केले आहेत त्यांत रोग हा सर्वसाधारण झाला. सूज आणि विष हे मात्र कावेरीच्या खोऱ्यातले आहेत. भाताच्या ओल्या शेतातून अनवाणी चालणाऱ्या माणसाला साप चावतो. आणि तंजावर-कुंभकोणम् हा पट्टा हत्तीपायासाठी पुढेही बदनाम राहिला, तेव्हा ‘सूज’ म्हणताना राजाच्या डोळ्यांसमोर तेच पाय असतील असा माझा तर्क आहे. कशी का असेना, ही नेमणूक हवेतली नाही. त्या मातीत माणसं कशाने आजारी पडतात हे पाहून वैद्य नेमले आहेत.

आणि आता तो शाळामास्तर. मराठीत आपण त्याला पंतोजीच म्हणू. चार वेदांचे अध्यापक ‘नेमले आहेत’ इतकंच पत्र सांगतं आणि त्यांना तिथेच सोडून देतं. त्यांच्याकडे पुन्हा वळून पाहत नाही. पंतोजीच्या वाट्याला मात्र पुढची आख्खी वाक्यं येतात. कारण त्याच्या हाती मुलं दिली आहेत. छत्रात येणाऱ्या परक्या माणसांची जी मुलं अनाथ होतात, ती या पंतोजीच्या स्वाधीन केली जातात. रामेश्वराची वाट लांबची. काशीकडून, महाराष्ट्रातून, तेलंगणातून माणसं महिनोन्‌महिने चालत येत. वाटेत पटकी व्हायची, ताप यायचा. आईबाप छत्रातल्या ओसरीवरच गेले आणि मागे सहा वर्षांचं पोर उरलं, ज्याची भाषाही गावात कुणाला कळत नाही, ही कल्पनेतली गोष्ट नव्हती. त्या पोराचं काय करायचं हा प्रश्न छत्राला पडतच असणार. पत्रातलं उत्तर असं: त्याला पंतोजीकडे द्या.

यानंतर पत्र जे सांगतं ते वाचून मी पहिल्या खेपेला थबकलो होतो. या मुलांना दिवसातून तीनदा जेवायला मिळतं. दर चौथ्या दिवशी त्यांना तेल लावून न्हाऊ घालतात. लागेल तेव्हा औषध मिळतं. कपडे मिळतात. त्यांच्याकडे अतिशय लक्ष दिलं जातं. दर चौथ्या दिवशी तेल! राजाने हे लिहावं आणि कंपनीच्या रेसिडेंटला लिहावं. मराठी घरात अभ्यंगस्नान म्हटलं की दिवाळीची पहाट आठवते, वर्षातून एकदा. तमिळ घरात पुरुषांच्या तेलन्हाणीचे वार ठरलेले, बुधवार आणि शनिवार. म्हणजे चौथ्या दिवसाचा हा हिशेब घरातल्या मुलाला लागू होणारा हिशेब आहे. अनाथाला तो लागू केला यात सगळं आलं. ज्याला घर नाही त्याच्या डोक्यावर घरच्यासारखंच तेल घातलं जाईल, आणि ती जबाबदारी शिकवणाऱ्या माणसाच्या खात्यात मांडलेली आहे. नेमणुकीच्या आदेशात कामाचं स्वरूप लिहितात. इथे ते तेलाच्या वाटीसकट लिहिलं आहे.

पण खरी उडी पुढच्या वाक्यात आहे. या मुलांना शिकवलं जातं ते त्यांनी ज्या शास्त्राची आवड दाखवली त्या शास्त्राचं. १८०१ साली, अनाथ मुलाच्या बाबतीत, आवड! बापाचा धंदा मुलाने करायचा हे जिथे सूर्याइतकं ठरलेलं, तिथे बापच नसलेल्या पोराला निवडीचा हक्क मिळतो आहे. विषय पुरेसा आत्मसात झाला की मुलाच्या लग्नाचा खर्चही छत्र करतं. जेवण, न्हाणं, औषध, वस्त्र, विद्या, लग्न. राजाने चार-पाच ओळींत एक आयुष्य उभं केलं आणि त्यात एकही विशेषण वापरलं नाही म्हटलं तरी चालेल.

हे वाक्य कुठून आलं असेल, असं विचारायचा मोह मला आवरत नाही. रसग्रहणात लेखकाचं चरित्र घुसडू नये असं मानणारे मानोत. इथे ते दाराशीच उभं आहे. सरफोजी हे तुळजाजीराजांचे दत्तक पुत्र. १७८७ मध्ये तुळजाजी मरणपंथाला लागले तेव्हा मूल दहा वर्षांचंही नव्हतं. राजाने ते कुणाच्या हाती सोपवायचं ठरवलं? एका मास्तराच्या. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी तंजावरात शाळा चालवत होता, त्याला बोलावून मुलाची काळजी घेण्याविषयी तुळजाजींनी विनवलं. पण गादी गेली सावत्र चुलत्याकडे, अमरसिंगांकडे, आणि त्यांच्या अमदानीत या मुलाला जवळजवळ कोंडून, शिक्षणाविना ठेवलं गेलं. श्वार्ट्झने कंपनीकडे तक्रारींचा पाठपुरावा केला, पुढे मुलाला मद्रासला हलवलं गेलं, आणि तिथे श्वार्ट्झ आणि गेरिके या पाद्र्यांच्या देखरेखीखाली त्याचं शिक्षण झालं. पोरकं मूल, परक्या देशातला मास्तर, हवं ते शिकायची मोकळीक. पत्रातल्या अनाथाच्या ओळी लिहिताना सरफोजींना स्वतःचं लहानपण आठवलं असेल असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण ते न आठवता हे लिहिता येईल असंही मला वाटत नाही.

श्वार्ट्झ फेब्रुवारी १७९८ मध्ये वारला. आपल्या विद्यार्थ्याचा राज्याभिषेक त्याला पाहायला मिळाला नाही. सरफोजींनी त्याच्यासाठी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक घडवून आणलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. त्यात मरणशय्येवरचा मास्तर आणि त्याचा हात हातात घेतलेला राजा असं शिल्प आहे. खालचा इंग्रजी स्मृतिलेख राजाने स्वतः रचला, तोही पद्यात. शिक्षकांच्या सन्मानाचे नाना प्रकार मी पाहिले आहेत, शाल-श्रीफळापासून मानद डॉक्टरेटपर्यंत. विद्यार्थ्याने मास्तरासाठी परभाषेत कविता करावी, हे मला त्या सगळ्यांहून मोठं वाटतं.

आता ओरत्तनाडु. तंजावरहून पट्टुकोट्टईच्या वाटेने पंचवीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. तिथलं छत्र मुक्तांबेच्या नावाचं. गावालाही मुक्तांबाळपुरम् असं नाव मिळालं होतं. तंजावरच्या छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं द्यायची पद्धतच होती. नीडामंगलमचं छत्र यमुनांबेच्या नावाचं आहे, राजामडमचं मोहनांबेच्या. पण मुक्तांबा ही लग्नाची राणी नव्हती. सरफोजींची ती प्रिया होती, तरुणपणीच वारली, आणि माझ्या नावाने छत्र बांधा ही तिची शेवटची इच्छा होती असं सांगतात. त्यांनी ते बांधलं, याच पत्राच्या आगेमागे, नव्या शतकाच्या तोंडावर. दगडी जोत्याला रथाचा आकार, आणि तो ओढायला कोरलेले हत्ती-घोडे. पत्र वाचून मग या छत्राचा विचार केला की एक गोष्ट लक्षात येते: पत्रात राजा पूर्वजांच्या छत्रांची बाजू मांडत होता, ओरत्तनाडु हे त्याचं स्वतःचं. इथे तो काय करतो यावरून पत्रातला शब्द जोखता येतो.

आणि तो उतरतो. ओरत्तनाडूच्या छत्राला सरफोजींनी शाळा जोडली, मोफत, आणि ती एका भाषेची नव्हे. तंजावरातल्या आणि ओरत्तनाडूच्या त्यांच्या शाळांत संस्कृत होतं, मराठी, तमिळ, तेलुगू होतं, फारशी होती आणि इंग्रजीही होतं. म्हणजे एकाच छत्राखाली वेदाचा घनपाठी, तमिळ शिकवणारा वाद्दियार, फारशीचा मुन्शी आणि इंग्रजीचा मास्तर. पत्रात एकच पंतोजी होता, इथे त्याचे सहा झाले. आवडीचं शास्त्र शिकवू म्हणणाऱ्याला शिक्षक वाढवावेच लागतात. नाही तर आवड विचारण्यात अर्थ नाही. राजवाड्यातल्या शाळेचं नावच नवविद्या, आणि पुस्तकांची तजवीजही राजानेच केली. राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तिथे छापल्या. पुण्या-मुंबईत मराठी पुस्तक छापायचं कुणाला सुचायच्या कितीतरी आधी. राजाने स्वतः ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक लिहिलं, त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, समुद्र गाण्यातून पाठ व्हावेत अशी ती युक्ती. मास्तरकीची हौस राजाला होती यात शंका नाही.

याच सुमाराला कलकत्त्यात काय चाललं होतं तेही बघण्यासारखं आहे. १८००च्या जुलैत गव्हर्नर-जनरल वेलस्लीने फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. १८०१च्या वसंतात तिथे विल्यम कॅरीची बंगाली आणि संस्कृतचा अध्यापक म्हणून नेमणूक झाली, महिना पाचशे रुपये पगारावर. पुढे मराठीही त्याच्याचकडे आली आणि १८०५ मध्ये त्याचं मराठीचं व्याकरण छापून निघालं. त्याच्या हाताखाली पंडित वैजनाथ होते. ही आधुनिक अर्थाने विद्यापीठीय नेमणूक: नाव आहे, पगार आहे, विषय आहे, कालांतराने बढती आहे. शिकणारे होते विलायतेहून आलेले कंपनीचे तरुण कारकून. त्यांना राज्य चालवण्यापुरती देशी भाषा यायला हवी होती. तंजावरच्या पत्रातला पंतोजी बिननावाचा आणि त्याचे विद्यार्थी अनाथ. इतिहासात कॅरी आणि वैजनाथ राहिले, ते त्यांच्या कामानेही राहिले, हे मान्य. पण नेमणूक कुणासाठी केली हा प्रश्न लावला तर त्या वर्षीची थोर नेमणूक कलकत्त्यात झाली नव्हती, असं माझं मत आहे. आपल्याकडे पहिल्या भारतीय प्राध्यापकाचा मान बाळशास्त्री जांभेकरांना देतात. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८३४ मध्ये ते सहायक प्राध्यापक झाले. तो मान त्यांचाच. ओरत्तनाडूचा पंतोजी त्या रांगेत उभाच राहत नाही, कारण त्याच्याकडे रांगेत उभं राहायला लागणारं नाव नाही.

पत्रावर इतकं लुब्ध झाल्यावर त्याच्या मर्यादाही पाहायला हव्यात. जेवायला सगळ्या जाती आहेत. पण ज्यांना शिजवलेलं नको त्यांना शिधा, या सोयीतच पंगत फुटलेली दिसते. चार वेदांचे अध्यापक कुणाला शिकवत असतील हे सांगायला नको. मुंज आणि लग्न यांसाठी मागणाऱ्याला मदत मिळते असंही पत्र सांगतं, तिथेही मुंज कुणाची हे उघड आहे. मुलींचा उल्लेख शिक्षणाच्या वाक्यात नाही. स्त्रिया येतात त्या गरोदर किंवा बाळंतीण म्हणूनच. मात्र त्या येतात तेव्हा पत्र पुन्हा एकदा घरगुती होतं: तान्ह्या मुलांना दूध, गरोदर बायकांची जपणूक, छत्रात बाळंत झाली तर बाळंतपणाचा खर्च आणि औषधं, आणि पुढचे तीन महिने तिथेच राहायची मुभा. बाळंतिणीला तीन महिने म्हणजे माहेरचा हिशेब झाला. सव्वाशे-दीडशे वर्षांनी आपण कायद्याने बाळंतपणाची रजा द्यायला लागलो, तिचे आठवडे मोजताना किती कासावीस झालो ते आठवावं.

आणखी एक संशय घ्यायलाच हवा. हे सगळं खरंच असं चालत होतं का? की गादी वाचवू न शकलेला तरुण राजा अब्रू तरी वाचावी म्हणून रंग भरतो आहे? अर्ज म्हणून लिहिलेलं कोणतंही वर्णन थोडं उजळच असतं. दर छत्रात चारही वेद शिकवणारे अध्यापक बारा महिने हजर असत, यावर मी पैज लावणार नाही. पण तपशिलांची जात पाहा. खोटं बोलणारा मोठ्या गोष्टी मोठ्या करतो: हजारो ब्राह्मण, लाखो पाने, सोन्याची ताटं. इथे मोठं काहीच नाही. मध्यरात्रीची घंटा, चौथ्या दिवशीचं तेल, तान्ह्याचं दूध. अशा गोष्टी कुणी रचत नाही. रचायच्या ठरवल्या तरी सुचत नाहीत. ज्याने छत्राच्या खर्चाचे कागद डोळ्यांखालून घातले आहेत त्यालाच त्या ठाऊक असतात. तेल किती आणलं, कितव्या दिवशी वापरलं हे जमाखर्चात लिहिलेलं असतं. राजाने खतावणीतला मजकूर उचलून त्याचं गद्य केलं आहे.

शेवटी मागणं येतं, आणि तेही तिरकस. माझा देश दानधर्मासाठी सगळीकडे प्रसिद्ध आहे, लोक त्याला धर्मराज्य म्हणतात, आणि देशोदेशी माझ्याकडे येणारा हा मान मी माझ्या पदाचं सगळ्यात मोठं भूषण समजतो, असं राजा म्हणतो. किल्ला, तोफा, पूर्वजांचा पराक्रम यांतलं काही भूषण म्हणून तो पुढे करत नाही. त्याचा वंश व्यंकोजींचा, शहाजीराजांचा. या वंशाची कथा त्याने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतली, भली लांबलचक. तो अभिमान त्याला होताच. पण टॉरिनसमोर तो काढायचा नाही एवढं त्याला कळत होतं. पराक्रमाचा वारसा सांगितला असता तर कंपनी सावध झाली असती. पोरक्या पोरांचा वारसा सांगितल्यावर नाही म्हणायला तोंड उरत नाही. पत्रातली ही मुत्सद्देगिरी मला त्यातल्या दयेपेक्षा कमी आवडत नाही. दया खरी आणि डावही खरा. दोन्ही एकाच हाताने लिहिलेलं आहे.

डाव लागला. छत्रांचा कारभार राजाकडे राहिला. टॉरिनशी संबंधही असा जमला की तो विलायतेला परतल्यावर राजासाठी पुस्तकं आणि शास्त्रीय उपकरणं धाडत राहिला. १८२६ मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरला आला, तेव्हा या राजाची विद्या पाहून तो चकित झाला. लाव्हाझिए, लिनियस, बफों यांचे दाखले देणारा हिंदू राजा त्याने पूर्वी पाहिला नव्हता. सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव शिवाजी १८५५ मध्ये वारले तेव्हा वारस नाही म्हणून गादीच गेली आणि छत्रं सरकारच्या ताब्यात आली. छत्रांच्या मिळकती आजही जिल्हा प्रशासनाच्या अखत्यारीत आहेत.

राहता राहिली पंतोजींची नावं. पत्रात ती नाहीत, कारण रेसिडेंटला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं. पण छत्राच्या हिशेबनिसाला होतं. पगार ज्याला द्यायचा त्याचं नाव लिहावंच लागतं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीच्या मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. छत्रांचे, शाळांचे, खर्चाचे कागद त्यांत आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या बऱ्याच कागदांचं तमिळ भाषांतर करवून ते छापलं आहे. म्हणजे आपल्या मोडीतला मजकूर आज तमिळ वाचकाला जास्त सहज मिळतो. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग गावोगाव चालतात, परीक्षा होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि शिकलेली माणसं मग घरच्या जमिनीचे जुने कागद वाचण्यापलीकडे फारशी जात नाहीत. त्यांच्यापैकी कुणी सुट्टीत रामेश्वराला निघणार असेल तर तंजावरला चार दिवस थांबावं, रीतसर परवानगी काढावी आणि एखादा रुमाल सोडून बसावं.